आठवड्याचा गोळ्यांचा डबा, अडीच वर्षं वापरून झाल्यावर लिहितोय

रेटिंग आधीच देऊन टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. वस्तू तशी अगदी साधी आहे, प्लास्टिकचा गोळ्यांचा डबा, सात वारांच्या सात पट्ट्या, प्रत्येक पट्टीत चार कप्पे, सकाळ दुपार संध्याकाळ रात्र, आणि हवी ती पट्टी ओढून वेगळी काढता येते. घ्यायच्या आधी मी याचे जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे 'आईसाठी घेतला, छान आहे' 'सासऱ्यांना बीपीच्या गोळ्या लक्षात राहतात आता' असे होते. माझ्या घरात हा डबा चोवीस वर्षांच्या मुलासाठी आहे आणि त्याला स्किझोफ्रेनिया आहे. अशा घरात हा डबा कसा चालतो, कुठे अडतो, हे कुणीच लिहिलेलं सापडलं नाही म्हणून मी लिहितोय. मुलाला विचारून लिहितोय, त्याने वाचलंय, एक गोष्ट काढायला सांगितली ती काढलीये.

आजार सुरू झाला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. आधी झोप गेली, मग मित्र सुटले, मग खोलीचे पडदे चोवीस तास बंद, मग फोन टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटात कारण त्यातून कोणीतरी ऐकतंय. आम्हाला वाटलं परीक्षेचं टेन्शन आहे, मग वाटलं व्यसन लागलं की काय. नंतर कळलं की हा आजार बहुतेक वेळा याच वयात येतो, विशीच्या आगेमागे, मुलगा किंवा मुलगी घरातून बाहेर पडायच्या बेतात असते नेमकं तेव्हा. जगात साधारण तीनशे माणसांमागे एकाला तो असतो, म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही, पण घरात आला की वाटतं अख्ख्या जगात फक्त आपल्याकडेच आलाय.

पहिल्या ॲडमिशननंतर घरी आलो आणि आमच्या घरात एक प्रश्न सुरू झाला, 'गोळी घेतलीस का?' रात्री साडेनऊला मी विचारायचो, दहाला त्याची आई विचारायची, मोठी मुलगी बाहेरगावाहून फोन करायची तर तिचाही पहिला प्रश्न तोच, 'काय रे, गोळी घेतलीस ना?' तो आधी 'हो' म्हणायचा, मग नुसती मान हलवायचा, मग उत्तर देणंच बंद केलं. मग मी पुढची पायरी गाठली. पाणी माझ्या हाताने द्यायचो, गोळी टाकली की म्हणायचो तोंड उघड, जीभ वर कर. वीस वर्षांच्या मुलाला. तो जीभ वर करायचा आणि माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघायचा, ती नजर मला अजून आठवते. आणि एवढं करूनही एके दिवशी त्याच्या जुन्या स्पोर्ट शूजमध्ये, सॉक्सच्या आत, बावीस गोळ्या सापडल्या. काही अर्धवट विरघळून सॉक्सला चिकटलेल्या होत्या, म्हणजे तोंडात धरून नंतर काढलेल्या. त्यानंतर तीन आठवड्यांत दुसरी ॲडमिशन झाली.

हे सगळं डब्याच्या रिव्ह्यूमध्ये कशाला असं वाटेल, पण डबा नक्की कशासाठी घ्यायचा हे यावरच ठरतं. मी समजत होतो की डबा गोळीची आठवण करायला असतो. आमच्याकडे आठवणीचा प्रॉब्लेम कधी नव्हताच. त्याला गोळी बरोबर आठवत होती, त्याला ती नको होती, कारण त्याच्या लेखी तो आजारी नव्हताच.

आम्ही याला हट्टीपणा म्हणायचो. दुसऱ्या ॲडमिशनमध्ये डॉक्टरांनी एक शब्द सांगितला, ॲनोसॉग्नोझिया. बाबिन्स्की नावाच्या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने १९१४ मध्ये तो वापरला होता, अर्धांगवायू झालेले पेशंट ज्यांना आपला हात लुळा पडलाय हेच पटत नाही त्यांच्यासाठी. ते खोटं बोलत नसतात, मेंदूचा जो भाग स्वतःची खबर ठेवतो तोच दुखावलेला असतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या साधारण निम्म्या लोकांना आपण आजारी आहोत याची जाणीव कमी असते किंवा नसतेच. हे ऐकल्यावर मी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून राहिलो. दीड वर्ष मी त्याच्याशी 'तू आजारी आहेस, मान्य कर' यावर भांडत होतो, आणि जे मान्य करायला लागतं तेच त्याच्याकडे शाबूत नव्हतं.

आता डब्यांकडे येतो. डबे म्हणतोय कारण हा दुसरा. पहिला डबा मुलीने प्रेमाने पाठवला होता, महागातला, अलार्मवाला, वेळ झाली की लाइट लागायचा, बीप वाजायचा आणि एक बाईचा आवाज बोलायचा, औषधाची वेळ झाली आहे. ज्या मुलाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात त्याच्या खोलीत आम्ही एक बोलणारा डबा नेऊन ठेवला. आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. दुसऱ्याच रात्री तो डबा उश्या-चादरींच्या ढिगाखाली सापडला आणि तो बाथरूममध्ये कडी लावून बसला होता. नंतर बरा असताना त्याने मला सांगितलं की तो आवाज कुठला आणि बाकीचे कुठले हे त्याला वेगळं करता येत नव्हतं. त्यामुळे आवाजाचे भास होत असतील, संशय असेल, तर बोलणारा डबा, कॅमेरावाला डबा, फोनला जोडून घरच्यांना मेसेज पाठवणारा डबा, हे घेऊ नका, निदान त्या माणसाला पूर्ण दाखवून त्याने स्वतः हो म्हटल्याशिवाय तरी नाहीच. ज्याला वाटतंय आपल्यावर पाळत आहे त्याच्यावर खरंच पाळत ठेवायची आणि मग म्हणायचं तुला भ्रम होतोय, हे बरोबर नाही.

दुसरा डबा म्हणजे हा. याचं सगळ्यात चांगलं काय तर तो गप्प आहे.

हा घेतला तेव्हा आम्ही एका शुभंकर गटात जायला लागलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आजार असलेला तो शुभार्थी आणि सांभाळणारा तो शुभंकर. गटातल्या एका काकूंनी मला एकच प्रश्न विचारला, 'दिवसभरात तुम्ही मुलाशी किती वाक्यं बोलता, आणि त्यातली गोळीबद्दल किती?' मी घरी येऊन खरंच मोजलं. त्या दिवशी अकरा वाक्यं बोललो होतो, नऊ गोळीची होती.

त्याच गटात 'एक्स्प्रेस्ड इमोशन' म्हणजे काय ते कळलं, घरच्यांच्या बोलण्या-वागण्यातून पेशंटपर्यंत पोचणारी टीका, राग आणि अति काळजी. १९५० च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाच्या समाजशास्त्रज्ञाला दिसलं की हॉस्पिटलमधून आई-वडिलांकडे किंवा बायकोकडे परतलेले पेशंट हे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. मग त्यांनी घरातलं बोलणं तपासायला सुरुवात केली, टोमणे किती, राग किती, आणि जिवाची घालमेल करून सारखं मागे लागणं किती. १९७६ मध्ये व्हॉन आणि लेफ यांचा अभ्यास आला, त्यात ब्राउन यांच्या आधीच्या अभ्यासाचे आकडे जोडून हिशोब केला तर नऊ महिन्यांत शांत घरांमधले १३ टक्के पेशंट पुन्हा आजारी पडले आणि जिथे टीका आणि घालमेल जास्त होती त्या घरांमधले ५१ टक्के. हे वाचून आधी मला खूप लागलं, वाटलं म्हणजे आमच्यामुळेच झालं का. तसं नाहीये. घरामुळे हा आजार होत नाही हे सगळे डॉक्टर सांगतात आणि तुम्हीही स्वतःला रोज सांगा. पण झाल्यानंतर घरातला ताण पेशंटला सोसत नाही, आणि आमच्या घरातल्या ताणाचं निम्मं कारण तो रात्रीचा साडेनऊचा प्रश्न होता.

म्हणून या डब्याला माझे चार स्टार आहेत. त्याने गोळीची आठवण केली म्हणून नाही, त्याने आम्हाला तो प्रश्न विचारायचं बंद करून दिलं म्हणून.

पण ते आपोआप झालं नाही. आधी मी डबा आणून 'हे बघ, आता यात भरून ठेवणार आहे मी' असं म्हणालो असतो तर तोही उश्यांखालीच गेला असता. गटातच झेवियर अमाडोर या मानसशास्त्रज्ञाच्या 'लीप' पद्धतीबद्दल सांगितलं होतं, त्याच्या स्वतःच्या भावाला हा आजार होता. आधी ऐकून घ्या, त्याला काय वाटतंय ते त्याच्या जागी जाऊन समजून घ्या, जिथे खरंच एकमत आहे तिथे एकमत करा आणि मग दोघांनी मिळून काम करा. आजार आहे की नाही यावर वाद घालायचा नाही. मी विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, 'मला परत तिथे ॲडमिट व्हायचं नाहीये. आणि तुम्ही माझ्या तोंडात बघायचं नाही.' म्हटलं मलाही तू परत ॲडमिट व्हायला नको आहेस, यावर आपलं एकमत. आणि तोंडात मी बघणार नाही. मग डबा त्यानेच निवडला. मी पारदर्शक झाकणाचा घ्यायला निघालो होतो, म्हणजे मला लांबूनही दिसलं असतं, त्याने गडद निळा घेतला, म्हणाला कोणी घरी आलं की माझ्या गोळ्या मांडलेल्या दिसायला नकोत. बरोबरच होतं त्याचं.

दर रविवारी संध्याकाळी तो डबा भरतो. मी समोर बसतो, हातात डॉक्टरांचा कागद, मी फक्त वाचायचं, हात लावायचा नाही. पहिल्या रविवारी चाळीस मिनिटं लागली. त्याचे हात औषधांमुळे थोडे थरथरायचे, गोळी चिमटीतून सुटून टेबलावर गोल फिरायची. बुधवारची रात्रीची गोळी त्याने सकाळच्या कप्प्यात टाकली, मला दिसलं, माझा हात पुढे गेला आणि मी तो मागे घेऊन मांडीखाली धरला. गुरुवार भरताना तोच थांबला, मागे वळून बघितलं, बुधवारचं झाकण उघडलं, गोळी काढून शेवटच्या कप्प्यात टाकली. झाकण लावलं, टक्. काही बोलला नाही, मीपण नाही. आता त्याला बारा मिनिटं लागतात.

नियमही दोघांनी मिळून ठरवलाय. रोज रात्री कोणी विचारायचं नाही. एखादी रात्र सुटली तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो स्वतः सांगणार, आणि नाही सांगितलं आणि मला कप्पा भरलेला दिसला तर मी एकदाच विचारणार, आवाज न चढवता. ही दुपारची मुदत उगाच नाहीये. त्याला क्लोझापिन चालू आहे आणि त्याबद्दल थोडं सांगायलाच पाहिजे कारण बऱ्याच घरांना हे उशिरा कळतं, आम्हालाही. दोन वेगवेगळी औषधं पुरेशा डोसमध्ये पुरेसा वेळ देऊनही उपयोग झाला नाही की हे देतात. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधावर असताना पांढऱ्या पेशी एकदम घटून आठ जण दगावले आणि ते बऱ्याच ठिकाणी बंद झालं, मग १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन यांचा अभ्यास आला, बाकीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पेशंटपैकी ३० टक्के लोकांना सहा आठवड्यांत फरक पडला, जुन्या औषधावर फक्त ४ टक्क्यांना, आणि मग ते रक्त तपासण्याच्या अटीवर परत आलं. आमच्याकडे पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासलं, नंतर अंतर वाढवत नेलं. रात्री तोंडातून लाळ इतकी येते की उशीवर टॉवेल टाकावा लागतो, बद्धकोष्ठता होते आणि तिच्याकडे अजिबात दुर्लक्ष करायचं नाही, ती जिवावर बेतू शकते, डॉक्टरांना लगेच सांगायचं. सिगारेट ओढणारा असेल तर सिगारेट वाढवली किंवा एकदम सोडली तरी डॉक्टरांना कळवायचं, धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर जातं, सोडली की पातळी चढते. हे सगळं असूनही सांगतो, चार वर्षांत पहिल्यांदा मुलगा स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसला तो या औषधावर.

आणि दुपारच्या मुदतीचं कारण हे की क्लोझापिनमध्ये ४८ तासांपेक्षा जास्त खंड पडला तर परत एकदम जुना डोस घेता येत नाही, बीपी कोसळू शकतं, फिट येऊ शकते, अगदी साडेबारा मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवत न्यायला लागतं, तेही डॉक्टरांना विचारून. त्यामुळे एक रात्र सुटली हे वेळेत कळणं महत्त्वाचं, आणि इथे डबा शंभर टक्के कामाला येतो. स्ट्रिपमधून काल घेतली की नाही हे कुणालाच सांगता येत नाही, त्यालाही नाही, आणि मग चुकून डबल घेतली जाते. डब्यात मंगळवार रात्र भरलेली आहे की रिकामी, विषय संपला.

आता एक स्टार का कापला. एक म्हणजे झाकणांवरची अक्षरं चार महिन्यांत पुसली, आम्ही मार्करने लिहून वर चिकटपट्टी लावली. दुसरं, पट्टी बॅगेत टाकली की झाकण उघडतं, गोळ्या बॅगेच्या तळाशी, त्यामुळे बाहेर जाताना रबर लावावा लागतो. आणि तिसरं, जे पाकिटावर लिहायलाच हवं होतं, सगळ्या गोळ्या डब्यात चालत नाहीत. जिभेवर विरघळणाऱ्या गोळ्या आणि व्हॅल्प्रोएटसारख्या ओल धरणाऱ्या गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या असतात. आमची एक गोळी पावसाळ्यात कप्प्यात पिठासारखी झाली तेव्हा कळलं. त्या गोळ्यांचा स्ट्रिपचा तुकडा कापून तोच कप्प्यात ठेवतो. तुम्ही भरायच्या आधी औषधवाल्याला एक एक नाव घेऊन विचारा.

अजून एक, आणि हे मी मनापासून सांगतोय. घरात महिन्याचा साठा असतो तो सगळा पेशंटच्या हाताशी ठेवू नका. या आजारात जिवाचं काही करून घेण्याचा धोका खरा असतो आणि या गोळ्या एकदम घेतल्या तर घातक आहेत. आमच्याकडे डब्यात एका आठवड्याच्या, बाकीच्या कुलपात, आणि हे मुलाला माहीत आहे, लपवून केलेलं नाही. वाईट काळ चालू असेल, झोप गेलेली असेल, तर आठवडाही जास्त होतो, तेव्हा पट्ट्या वेगळ्या करता येतात त्याचा उपयोग होतो, आम्ही तेव्हा त्याला एका वेळी एकच वार द्यायचो.

डब्याला काय जमत नाही तेही लिहितो. कप्पा रिकामा म्हणजे गोळी पोटात गेली असं नाही. बेसिनमध्ये टाकली तरी कप्पा रिकामाच दिसणार. पाच महिने झाल्यावर एकदा आमच्याकडे तसं झालं, सगळे कप्पे वेळेवर रिकामे होत होते पण पडदे पुन्हा बंद राहायला लागले आणि फोन पुन्हा टॉवेलमध्ये गेला. आपल्या माणसाची जी पहिली दोन-तीन लक्षणं असतील ती कागदावर लिहून ठेवा, डब्यापेक्षा ती जास्त खरं सांगतात. क्लोझापिनची रक्तातली पातळी तपासता येते, डॉक्टरांनी तपासली, कमी आली. या वेळी मी ओरडलो नाही. विचारलं काय त्रास होतोय. तो म्हणाला दुपारी बारापर्यंत डोळे उघडत नाहीत, मी असं जगायचं का? इतके महिने तो हे सहन करत होता आणि आम्ही विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी रात्रीची वेळ अलीकडे आणली, डोस थोडा बदलला, आणि तो परत घ्यायला लागला.

ज्यांच्या घरात रोजच्या गोळीवरून खूपच ताण होतोय त्यांनी डब्यात पैसे घालायच्या आधी डॉक्टरांना इंजेक्शनबद्दल विचारावं. काही औषधं महिन्यातून एकदा टोचून चालतात, पॅलिपेरिडोन तर तीन महिन्यांचं आणि आता सहा महिन्यांचंही आलंय. सगळ्यांना चालत नाही, क्लोझापिनचं असं इंजेक्शन मिळत नाही, पण ज्यांना चालतं त्यांच्या घरातला रोजचा वाद एका दिवसात संपतो. आणि औषध का नको सोडायला याचं उत्तर कुणाला आकड्यात हवं असेल तर २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ६५ चाचण्यांचा एकत्र हिशोब आला होता, वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्के पुन्हा आजारी पडले, बंद करून नुसती प्लासिबो म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी ६४ टक्के.

कोणी घ्यावा? ज्यांचा मुलगा मुलगी निदान 'मला परत ॲडमिट व्हायचं नाही' इथपर्यंत आलेत त्यांनी जरूर घ्या, त्यांनाच निवडू द्या, त्यांनाच भरू द्या. जो अजून औषधच घ्यायला तयार नाही त्याच्या समोर डबा ठेवून काही होणार नाही, तिथे आधी डॉक्टर आणि जवळ मिळाला तर शुभंकर गट.

आमच्या डब्याचं शनिवार रात्रीचं झाकण मागच्या आठवड्यात बिजागरीतून तुटलं. मी बघितलं तेव्हा त्याने त्यावर आधीच चिकटपट्टी लावली होती आणि पट्टीच्या टोकाला दुमडून छोटी शेपटी ठेवली होती, ओढायला सोपं जावं म्हणून. म्हणाला, 'बाबा, नवीन मागवूया, पण हाच, निळाच.'